भाव

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अप्पांचा रेडिओ असतो. बॅटरीचं झाकण कधीचं हरवलंय, त्या जागी दोन रबरबँड. एरियल मधोमध वाकलेली, तिच्या टोकाला अप्पांनी तांब्याची तार गुंडाळून ती गजाला बांधलीय. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की स्टेशन खरखरायला लागतं, थांबला की परत ताळ्यावर येतं. त्यामुळे बातमी असो की गाणं, आम्ही ते तुकड्यातुकड्यांनी ऐकतो आणि मधलं मनाने भरून काढतो. अप्पा म्हणजे माझे सासरे, वय वर्षं ऐंशी. त्यांच्या मोबाइलवरही रेडिओ लागतो हे लेकीने त्यांना चारदा दाखवून झालंय. पण ज्याला पिळायचं बटण नाही तो रेडिओच नव्हे असं त्यांचं मत आहे, आणि या वयात मत बदलायला आपल्याकडे वेळ नाही असं ते स्वतःच सांगतात.

सकाळी पावणेआठच्या सुमाराला त्यावर एक बाई आणि एक बुवा गप्पा मारतात. मराठीच, पण ती एफएमवाली धावती मराठी. घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, नवराबायकोचे विनोद, सासूसुनेचे विनोद, दोन जाहिराती, मग एखाद्या श्रोत्याचा फोन. कांदा परतताना कानावर पडत राहावं आणि बसमध्ये चढेपर्यंत विसरून जावं असा मामला. जानेवारीतल्या एका सकाळी विषय क्रिकेटचा निघाला. आदल्या रात्री बायकांची मॅच झाली होती आणि एका पोरीच्या हातून सोपा झेल सुटला होता. बुवा म्हणाला, "अहो, हातात आलेला लाडू! मला तर डाळीत काहीतरी काळं दिसतंय. सेटिंग तर नाही ना?" तेवढ्यात डोंबिवलीच्या एका काकांचा फोन लागला. काका म्हणाले, "सेटिंग करायला आधी सट्टा लागावा लागतो. बायकांच्या मॅचला भाव कुठे असतो!" बुवा खो खो हसला आणि वर म्हणाला, "आणि समजा भाव आलाच, तरी बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. कोण कितीवर आउट होणार ते टॉसच्या आधी अख्ख्या सोसायटीला कळेल."

रेडिओवरची बाई हसली. मीही हसले.

लेक डब्याचं झाकण लावत होती. तिने हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. "आई, तू हसलीस?" इतकंच. रागाने नव्हे, मला वाटतं रागावली असती तर बरं झालं असतं. दुधाच्या पिशवीची तारीख उलटून गेलेली दिसावी तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मग सॅक उचलून चपला घालायला गेली. अप्पांनी बशीतला चहा फुंकला आणि फ्रिज सुरू झाला.

माझी बस ठाण्याच्या तीन हात नाक्यावरून सुटते. मुलुंडमधून जाऊन ऐरोलीच्या पुलावर चढली की थंडीच्या दिवसांत खाली खाडीच्या चिखलात गुलाबी रेघ दिसते, फ्लेमिंगोंची. बहुतेकांचं डोकं मोबाइलमध्ये असतं, मी मात्र रोज ती रेघ आहे ना एवढं बघून घेते. त्या दिवशी नाही बघितली, कारण तो विनोद माझ्याआधी बसमध्ये पोचला होता. मागच्या सीटवरचे दोघं तोच घोळवत होते. ड्रायव्हरच्या मागे बसणारी अकाउंट्समधली मुलगी चढली तेव्हा एकाने तिला विचारलं, "काय मॅडम, आज भाव काय?" ती हसली. आणि तेव्हा मला कळलं की सकाळपासून काय टोचतंय.

तिचं हसू अर्धा सेकंद उशिरा आलं होतं. रेडिओवरच्या बाईचंही तसंच आलं होतं. हे हसू मी ओळखते. ऑफिसात पंचवीस वर्षं मी तेच हसतेय. साहेब मीटिंगमध्ये बायकांच्या गाडी चालवण्यावर काहीतरी बोलतात आणि त्या अर्ध्या सेकंदात बाई बरंच काही मोजून घेते: कोण कोण हसलं, आपण नाही हसलो तर 'मॅडमना विनोद कळत नाहीत' होईल का, आणि फार हसलो तर पुढच्या वेळी आणखी एक पायरी खालचा विनोद येईल का. इतका हिशेब उरकून हसू ओठांवर येतं, म्हणून त्याला उशीर होतो. रेडिओवरच्या बाईची तर ती नोकरीच आहे. बुवाने टाकायचं, तिने हसायचं. तिला मी काही म्हणणार नाही.

पण माझं स्वयंपाकघरातलं हसू वेळेवर आलं होतं. तिथे ना साहेब होते ना बुवा. कोटी चांगली होती हे खरं. भाव म्हणजे सट्ट्याचा दर आणि भाव म्हणजे किंमत, दोन्ही एका वाक्यात बसवणाऱ्या डोंबिवलीच्या काकांना मी भाषेचे गुण देईन. तरी नुसत्या कोटीला मी इतकी पटकन हसत नाही. त्या 'तीळ भिजत नाही'ला माझ्या आत कुठेतरी दुसरंच काहीतरी हललं होतं. ते काय, हे कळायला मला आठवडा लागला. त्याकडे येते, पण आधी अप्पा.

'सेटिंग' हा शब्द आमच्या घरात अप्पांनी आणला. ते जुने क्रिकेटवाले. बँकेत काउंटरखाली ट्रान्झिस्टर ठेवून बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकलेले. मैदान न बघता ते बघितलेले, असं ते सांगतात. 'चेंडू सीमारेषेपार' हे शब्द ते अजून तशाच चढत्या सुरात उच्चारतात. माझं लग्न होऊन मी या घरात आले ते २००० साल, आणि एप्रिलमध्ये साउथ आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिए याचं ते मॅच फिक्सिंगचं प्रकरण फुटलं. दिल्ली पोलिसांनी त्याच्या फोनच्या टेप आहेत म्हणून सांगितलं तेव्हा अप्पांनी पोलिसांनाच वेड्यात काढलं. क्रोनिए चर्चला जाणारा माणूस, तो असं करेल? चार दिवसांनी क्रोनिएने कबुली दिली. डिसेंबरात अझरुद्दीनवर आजन्म बंदी आली. २०१२ साली हायकोर्टाने ती बंदी बेकायदा ठरवली, पण तोपर्यंत अप्पांच्या मनातला खटला केव्हाच निकालात निघाला होता. नवी सून म्हणून मी बघत होते: घरात कोणी गेल्यासारखं वातावरण. पेपर घडी न मोडता टीपॉयवर पडून राही. त्या सगळ्यात त्यांना हसू आणणारी एकच गोष्ट होती, क्रोनिएच्याच संघातल्या हर्शेल गिब्जची. नागपूरच्या मॅचमध्ये वीसच्या आत बाद व्हायचं, पंधरा हजार डॉलर मिळणार, असं कबूल करून हा पठ्ठ्या मैदानात उतरला आणि ७४ मारून आला. "हात सुरू झाला की माणूस बेइमानीसुद्धा विसरतो," अप्पा म्हणत. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ही गोष्ट एकदा तरी ऐकली आहे.

त्यानंतर अप्पा मॅच बघतात, पण कॉन्स्टेबलच्या डोळ्यांनी. झेल सुटला, सेटिंग. नोबॉल पडला, सेटिंग. २०१३ च्या मे महिन्यात आयपीएलमधला बोलर श्रीशांत आणि आणखी दोघांना पोलिसांनी मुंबईत पकडलं, कमरेला टॉवेल खोचणं ही खूण होती असं पोलिसांनी सांगितलं, तेव्हापासून अप्पांना प्रत्येक बोलरच्या कमरेकडे बघायची सवय लागली. पुढे कोर्टाने त्या तिघांना आरोपमुक्त केलं. टॉवेल मात्र सुटला नाही. उन्हाळ्यात भाजीवाल्याच्या कमरेला टॉवेल दिसला तरी ते माझ्याकडे बघून एक भुवई उडवतात.

आता मजा बघा. इतक्या वर्षांत बायकांच्या मॅचला अप्पांनी कधी 'सेटिंग' म्हटलं नव्हतं. बायकांची मॅच ते बघतही फारशी नसत, आणि कधी चॅनेल बदलता बदलता थांबलेच तर म्हणत, "पोरी छान खेळतात हं." हार्मोनियमच्या परीक्षेत भाचीला पहिला वर्ग मिळाल्यावर म्हणावं, त्या सुरात. २०२२ च्या ऑक्टोबरात बोर्डाने मॅचची फी पुरुषांइतकीच केली, एकदिवसीय सामन्याला सहा लाख, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्यांना पेपर वाचून दाखवला. ते म्हणाले, "चांगलं झालं. आता पैसा आला, मागून सट्टेवाले येतील." तेव्हा मला ते खवचट वाटलं होतं.

मग आली २०२५ ची २ नोव्हेंबर. नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर वर्ल्ड कपची फायनल. लेक मैत्रिणींबरोबर दुपारीच ट्रान्स-हार्बरने गेली, गालावर तिरंगा, पाठीवर १८. पूर्वी १८ म्हटलं की कोहलीच, कोण ते विचारावं लागत नसे, आता खालचं नाव वाचावं लागतं. तिच्या पाठीवर स्मृती मानधना होती. पाऊस पडत होता. दोन तास ती मला मैदानावर अंथरलेल्या कव्हरचे फोटो पाठवत राहिली, आणि मग रिकाम्या झालेल्या चिप्सच्या पुड्यांचे. घरी मी आणि अप्पा. शेफालीने ८७ केल्या तेव्हा अप्पा खुर्चीच्या कडेला आले. साउथ आफ्रिकेची वोल्वार्ट एका बाजूने खेळतच होती, शंभर झाले, अप्पांचे पाय हलायला लागले. मग दीप्तीच्या चेंडूवर तिने उंच मारला आणि खाली अमनजोत. झेल हातात आला आणि उडाला. परत आला, परत उडाला. त्या क्षणी अप्पा ओरडले:

"सेटिंग!"

तिसऱ्यांदा तिने तो पकडला, पडता पडता. अप्पांनी जीभ चावली. मग आम्ही दोघंही हसलो. तेव्हा मला नीट कळलं नव्हतं, आता वाटतं, त्या चेंडूपाशी अप्पांसाठी ती मॅच खरी झाली. ज्या खेळात काही पणाला लागलेलंच नाही, त्यावर कोण कशाला शंका घेईल? भाचीच्या हार्मोनियमच्या परीक्षेत फिक्सिंग झालं असं कोणी म्हणत नाही. पंचवीस वर्षं जो संशय त्यांनी फक्त पुरुषांसाठी राखून ठेवला होता, तो त्यांनी अमनजोतला देऊन टाकला. त्यांच्याकडचा तो सगळ्यात मोठा मान होता, असं मी म्हटलं तर लेक हसेल. पण मला तसंच वाटतं.

मध्यरात्रीच्या सुमाराला हरमनप्रीतने मागे धावत जाऊन शेवटचा झेल घेतला. बावन्न धावांनी जिंकलो. खाली रस्त्यावर फटाके सुरू झाले, दिवाळीतले उरलेले. अप्पा म्हणाले, "मॅन ऑफ द मॅच शेफालीच हवी." आता इंग्रजीत तेही बदललंय, बॅट्समनचाही क्रिकेटच्या कायद्यांच्या पुस्तकात २०२१ पासून बॅटर झालाय. आपल्याला फलंदाज शब्द आधीच असा मिळालाय की तो फलंदाज, ती फलंदाज. फक्त पुढचं क्रियापद सांभाळायचं. अप्पा तिथेच अडखळतात. 'फलंदाज बाद झा...' म्हणून थांबतात, टीव्हीकडे नीट बघतात आणि मग '...ली' लावतात. ते थांबणं मला आवडतं. त्यांच्या वयाची पुष्कळ माणसं थांबतसुद्धा नाहीत.

आणि त्याच रात्री, फटाक्यांचा धूर गॅलरीत येत असताना अप्पांनी घड्याळाकडे बघितलं. "पोरगी कशी येणार एवढ्या रात्री?" मीही घड्याळच बघत होते. ज्या पोरींनी मध्यरात्रीपर्यंत मैदानात धावावं म्हणून आम्ही घसा फोडला, त्यांच्याच वयाची आमची पोरगी पामबीच रोडला रिक्षा शोधतेय म्हटल्यावर दोघांच्या पोटात गोळा आला. पुतण्या तिच्या वयाचा आहे, तो वानखेडेवरून पहाटे येतो आणि त्याची आई घोरत असते. तीनला बेल वाजली. लेकीचा आवाज बसला होता, गालावरचा तिरंगा हनुवटीपर्यंत ओघळला होता. तिने मला मिठी मारली आणि मी पहिलं वाक्य काय बोलले असेन? "फोन का नाही उचललास?"

असो. तर जानेवारीतल्या त्या संध्याकाळी जेवताना सकाळचा विषय परत निघाला. अप्पांनी आपल्या परीने लेकीची बाजू घेतली. "ते रेडिओवाले काहीही बोलतात. बायका असल्या भानगडीत पडत नाहीत. प्रामाणिक असतात." त्यांना वाटलं, नात खूश होईल. लेकीने आमटीची वाटी खाली ठेवली. "आजोबा, हा पण अपमानच आहे." मग तिने शोहेली अख्तरची गोष्ट सांगितली. बांगलादेशची ऑफस्पिनर. २०२३ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या वेळी स्वतः संघात नव्हती, पण संघातल्या एका मुलीला तिने मेसेज केले: ऑस्ट्रेलियाविरुद्ध हिट विकेट हो, वीस लाख टका मिळतील. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयसीसीने तिच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. भ्रष्टाचारासाठी बंदी आलेली पहिली बाई. "आणि ज्या मुलीला मेसेज आले तिने काय केलं? सगळे व्हॉइस मेसेज नेऊन अँटी-करप्शनवाल्यांना दिले. तिच्या तोंडात तीळ भिजला नाही म्हणून तर हे कळलं." अप्पा गप्प. हिट विकेट, हिट विकेट असं पुटपुटत राहिले. मला वाटतं, पैशापेक्षाही त्या बाद होण्याच्या पद्धतीने त्यांना दुखावलं. स्वतःच्या बॅटने स्वतःचे स्टंप.

"सांगायचं एवढंच की बायका पण माणसं असतात. चोर पण असू शकतात," लेक म्हणाली आणि मग, कदाचित वाक्याच्या भरात, पुढचं बोलून गेली. २०२५ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा होईपर्यंत, ती स्वतः एका अ‍ॅपवर टीम लावत होती. एकोणपन्नास रुपयांची एंट्री. जास्त करून बायकांच्याच मॅचना, कारण त्यांचा अभ्यास मुलांना नसतो. एकूण २,३४० रुपये गेले. "जिंकले पण होते थोडे. ते वजा जाता सांगतेय."

माझा घास हातातच राहिला. आणि माझ्या डोक्यात जे वाक्य उमटलं ते लिहायला मला लाज वाटते, तरी लिहिते: मुलीची जात आणि जुगार? पुतण्याही त्याच अ‍ॅपवर होता, हे मला दोन वर्षं ठाऊक होतं. त्याच्या बाबतीत मला फक्त 'अभ्यास कर रे' सुचलं होतं. त्या वेळी भारताच्या संघाच्या छातीवरसुद्धा असल्याच धंद्याचं नाव होतं, ते गेलं आणि सप्टेंबरातला आशिया कप आपण कोऱ्या छातीने खेळलो, तेव्हा आम्ही घरात त्यावर विनोद केले होते. आणि आता हीच गोष्ट लेकीच्या तोंडून आली तर मला २,३४० रुपये दिसत नव्हते, 'मुलगी' दिसत होती. सकाळी डोंबिवलीचे काका, संध्याकाळी मी.

अप्पा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "स्मृतीला कॅप्टन करायचीस का?" लेक म्हणाली, "दीप्तीला. बोलिंगचे पण पॉइंट मिळतात." "बरोबर," अप्पा म्हणाले. आणि दोघं भाताकडे वळले.

रात्री भांडी आवरताना मला कुंती आठवली. बायकांच्या मनात काही राहत नाही हा युधिष्ठिराचा शाप, आमची आजी ऊठसूट सांगायची. पण त्या शापाची कथा नीट बघावी. कर्ण आपला मुलगा, हे कुंतीने जन्मभर कोणाला कळू दिलं नाही. अख्खं युद्ध होऊन गेलं, तो मेला, मग तर्पणाच्या वेळी तिने सांगितलं. म्हणजे जिने इतकी वर्षं गुपित राखलं तिच्यावर रागावून धर्मराज म्हणाला की यापुढे बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही! आणि म्हणणारा कोण, तर शकुनीच्या फाशांपुढे राज्य, भाऊ, बायको लावून बसलेला. म्हणजे सेटिंगच्या खेळात बायको हरणाऱ्याने हा शाप दिला. हे सांगताना आजी मिश्री लावत असे आणि तिच्या चेहऱ्यावर एक वेगळंच हसू असे. त्याचा अर्थ तेव्हा जगात फक्त मला ठाऊक होता.

कारण माझी आजी मटका खेळायची.

चरईत आमची चाळ. आजोबा वागळे इस्टेटीत फिटर. चाळीतले अर्धे पुरुष आकडा लावत आणि ते सगळ्यांना ठाऊक असे, त्यावरून भांडणं होत, पगाराच्या दिवशी बायका दारात उभ्या राहत. आजोबा त्यातले नव्हते, त्यांना त्याचा तिटकारा होता. आमच्या जिल्ह्यात तेव्हा पुष्कळांना वाटे की 'कल्याण' बाजार म्हणजे आपल्या पलीकडचं कल्याण. तसं नव्हतं, ते नाव कल्याणजी भगतचं. न्यूयॉर्कच्या कापसाचे उघडते-बंद होते भाव यायचे बंद झाल्यावर साठच्या दशकात चिठ्ठ्या नि पत्ते काढून तो खेळ चालू राहिला, म्हणून ओपन आणि क्लोज. तीन पानं काढायची, बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. तीन, सहा, सात म्हणजे सोळा, म्हणजे ओपन सहा. संध्याकाळी पुन्हा तीन पानं, तो क्लोज. दोन मिळून जोडी. ही बेरीज मला शाळेत शिकवली नाही, आजीने शिकवली, तांदूळ निवडता निवडता, तांदळाच्याच दाण्यांवर.

तिची स्वप्नांची स्वतःची पद्धत होती. पाणी दिसलं तर अमुक, मेलेलं माणूस बोललं तर तमुक, साप दिसला तर दोन दिवस काहीच लावायचं नाही. आकडा ती चहाच्या पुडीच्या कागदावर पेन्सिलीने लिहायची, इतका बारीक की मुंगी वाटावी. कागदाची चार घड्यांची चौकट, त्यात नाणं. ती पुडी माझ्या कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाली. शाळेतून येताना पानाच्या टपरीमागे स्टुलावर बसलेल्या माणसाला ती द्यायची. रायटर म्हणत त्याला. तो नाव लिहायचा नाही, 'आजी' एवढंच लिहायचा. एकदा टपरीवर पोलीस आले होते. पुरुष पळाले. मी दोन वेण्या, रिबिनी, गळ्यात वॉटरबॅग, हातात कंपासपेटी घेऊन तिथेच उभी. हवालदार म्हणाला, "बाळ, घरी जा, इथे थांबू नये." मी गेले. कंपासपेटीत पाच रुपयांची जोडी घेऊन गेले.

माझ्यावर संशय घ्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हणून तर आजीने मला निवडलं होतं.

५ नोव्हेंबर १९८७. तारीख लक्षात आहे, कारण वानखेडेवर सेमीफायनल होती आणि ग्रॅहम गूचने आपल्या स्पिनरना स्वीप मारून मारून ११५ केल्या. चाळीत एक टीव्ही, त्याच्यापुढे पन्नास माणसं. आपण ३५ धावांनी हरलो आणि संध्याकाळी चाळीत चूल पेटू नये असं सुतक. आजोबा गॅलरीत पाठ करून उभे. मी जिना चढून आले, आजीजवळ गेले आणि कानात क्लोज सांगितला. तिची जोडी लागली होती. एकाला नव्वद भाव. पाचाचे साडेचारशे. आजीने चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. पदर डोक्यावर ओढून म्हणाली, "जाऊ दे, पुढच्या वेळी जिंकू." आजोबांना वाटलं, ती मॅचबद्दल बोलतेय.

महिन्याभराने मला सायकल आली. हिरवी, पुढे जाळीची टोपली. आजीने भिशी लागल्याचं सांगितलं. माझी आई अजून ते 'भिशीची सायकल' म्हणूनच सांगते. आजी १९९८ साली गेली. टपरी गेली, चाळ गेली, तिथे टॉवर झाला. मी हे नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं असं नाही. ते पोटात इतकं नीट बसून गेलं होतं की तिथे काहीतरी आहे हेच विसरले होते. त्या सकाळी रेडिओवर 'बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही' आलं आणि ते आत हललं. मी हसले ती तिथे. वेळेवर, अगदी बुवाच्या बरोबरीने. लेकीला कसं सांगणार होते की तू बघितलंस ते हसू त्यांच्या बाजूचं नव्हतं? आणि खरं म्हणजे थोडं होतंही. कोटी चांगलीच होती.

पुढच्या शुक्रवारी बाई आणि बुवा लग्नातल्या मेन्यूवर बोलत होते. लेकीला उशिराचं लेक्चर होतं, ती ओट्यावर बसून मटार सोलत होती, म्हणजे सोलून खात होती. अप्पांचा दुसरा चहा. मला काय झालं कोण जाणे, मी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि सांगायला लागले. कंपासपेटी, कर्कटक, हवालदार, गूच. सांगता सांगता फ्रिज सुरू झाला, रेडिओ खरखरायला लागला, कोणी तो बंद केला नाही. लेकीच्या हातातली शेंग तशीच. "तू? तू मटक्याच्या चिठ्ठ्या पोचवायचीस?" ती दोनदा म्हणाली. शिसारी नव्हती त्यात. वेगळं काहीतरी होतं, आणि मला ते, कबूल करते, फार आवडलं. २,३४० रुपयांबद्दल मी तिला आठवडाभर जे ऐकवलं होतं ते आता तिच्याही डोक्यात आलं असणार. पण ती तेव्हा काही बोलली नाही.

अप्पांनी बशी खाली ठेवली. एकदा माझ्याकडे बघितलं, पंचवीस वर्षांपूर्वी घरात आलेल्या सुनेची नव्याने चौकशी करावी तसं. पेपराची कड ओढली, शब्दकोड्यासाठी ठेवलेलं पेन उचललं.

"जोडी कुठली होती गं?"

मी गॅस बारीक केला आणि कोथिंबीर चिरायला घेतली.